पॉइंट टू-टूचा विश्वास आणि मोल

शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा रणांगणावरून लिहिला जातो, आणि त्यामुळे ज्या हत्यारांनी कोणतेही राज्य जिंकले नाही अथवा बुडविले नाही, त्यांची नोंद दफ्तरांत क्वचितच राहते. अमेरिकेतील पॉइंट टू-टू जातीची अर्धस्वयंचलित रायफल हे अशा उपेक्षित हत्यारांपैकीच एक होय. पिकाची नासाडी करणारे ससे व खारी टिपणारा शेतकरी, सुटीच्या दिवशी रिकामे डबे मांडून नेम धरणारा कारागीर आणि वडिलांच्या देखरेखीखाली आयुष्यातला पहिला बार काढणारा शाळकरी मुलगा, हे तिचे धनी. आणि एखाद्या सामान्य मजुराला काही आठवड्यांच्या काटकसरीने साठविता येईल एवढी रक्कम, ही तिची किंमत. इतक्या अल्प मोलात मिळणाऱ्या यंत्राने हजारो बार बिनतक्रार काढावेत आणि बापानंतर मुलाच्या हातीही तितक्याच इमानाने चालावे, ही अपेक्षा वस्तुतः अवाजवी होती. तरीही ती पुष्कळ अंशी पुरी झाली. ती कोणाच्या हातून व कोणत्या युक्तीने पुरी झाली, याची हकीकत यंत्रविद्येच्या इतिहासात जितकी मनोरंजक आहे तितकीच बोधप्रदही आहे.

या हकीकतीचा आरंभ काडतुसापासून केला पाहिजे, कारण रायफलीचे सर्व गुणदोष त्या काडतुसाच्या घडणीतून निघाले आहेत. १८४५ च्या सुमारास लुई निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिराने दिवाणखान्यातील नेमबाजीसाठी एक इवलेसे काडतूस सिद्ध केले. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या स्मिथ आणि वेसन यांनी त्याच तत्त्वावर आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू-टू शॉर्ट हे काडतूस बाजारात आणले. आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याची लांबी व गोळीचे वजन वाढवून ‘लाँग रायफल’ या नावाचे जे काडतूस तयार केले, तेच आजतागायत साऱ्या जगात चालते. याची घडण पाहण्यासारखी आहे. पितळेच्या पातळ नळकांड्याच्या बुडाशी एक पोकळ कडा दुमडलेली असते. कारखान्यात ओलसर स्फोटक मसाल्याचा अल्पसा गोळा तळाशी ठेवून ते नळकांडे वेगाने फिरवितात, म्हणजे मसाला त्या कडेच्या पोकळीत सर्व बाजूंनी पसरून वाळतो. रायफलीची फायरिंग पिन या कडेवर आदळली की कडा चेपली जाते, मसाला पेटतो आणि त्याच्या ज्वालेने आतील दारू भडकते. कडेवरच्या या आघातामुळेच या जातीला रिमफायर म्हणतात.

ही रचना अत्यंत स्वस्त, परंतु अंगभूत दोषांनी युक्त आहे. मसाला कडेच्या एखाद्या भागी पोचला नाही आणि पिन नेमकी तेथेच आदळली, तर बार होत नाही. अशा वेळी अनुभवी नेमबाज नळी सुरक्षित दिशेला रोखून काही काळ थांबतो, कारण मसाला सावकाश पेटून बार उशिरा होण्याचा संभव असतो. नंतर ते काडतूस बाहेर काढून किंचित फिरवून पुन्हा भरतो, आणि बहुधा दुसऱ्या आघाताला ते उडते. कडा चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पितळ पातळ म्हणून आतील दाब मर्यादेत ठेवावा लागतो. गोळी उघड्या शिशाची व बाहेरून मेणचट वंगण लावलेली असल्याने शिशाचा चुरा, मेण आणि अर्धवट जळलेली दारू यांचा थर यंत्राच्या सांध्यासांध्यांत जमत राहतो. शिवाय बाहेर आलेली ती कडा मॅगझिनमध्ये शेजारच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली, तर सारी रांग जागच्या जागी ठप्प होते.

ज्या रायफलीचा बोल्ट माणसाच्या हाताने ओढला जातो, तिच्यात हे सारे दोष हाताच्या जोराने निभावून नेता येतात. अर्धस्वयंचलित रायफलीत मात्र रिकामे पितळ फेकणे, नवे काडतूस आत ढकलणे आणि पुढच्या बाराची सिद्धता करणे, ही सर्व कामे सुटलेल्या बाराच्याच शक्तीवर व्हावी लागतात, आणि नेमबाजाकडे प्रत्येक बारासाठी चाप ओढणे एवढेच काम उरते. चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमांहून किंचित जड अशी ही गोळी पुढे जाताना मागे जो धक्का देते, त्याच्यावर हा सर्व संसार चालवायचा असतो. या रायफलींच्या बोल्टला कुलूप नसते. स्वतःच्या वजनाने आणि पाठीमागच्या स्प्रिंगच्या रेट्याने तो गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मिटलेला राहतो. बोल्ट फार जड झाला तर तो पुरता मागे सरकत नाही, फार हलका झाला तर वेळेपूर्वी उघडतो. तात्पर्य, अशक्त, मळकट आणि कडेला अडखळणाऱ्या काडतुसावर विश्वासू यंत्र उभारणे हा प्रश्न होता, आणि पुढील साठ वर्षे अमेरिकेचे बंदूककार त्याच्याशी झुंजत राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीचा आणि जॉन मोझेस ब्राउनिंग या असामान्य कल्पक पुरुषाचा दीर्घ संबंध मोबदल्याच्या वादावरून तुटला, तेव्हा नव्या यंत्रांचा भार कंपनीच्या पदरी असलेल्या टी. सी. जॉन्सन या अभिकल्पकावर पडला. त्याने रचलेली १९०३ ची विंचेस्टर ही अमेरिकेच्या बाजारात आलेली पहिली अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल होय. त्या काळी पॉइंट टू-टूची पुष्कळशी काडतुसे काळ्या दारूची असत, आणि त्या दारूची काजळी थोड्याच बारांत यंत्र जाम करी. जॉन्सनने यावर जो तोडगा काढला तो कठोर पण प्रामाणिक होता: बिनधुराची दारू भरलेले निराळ्या मापाचे काडतूस खास या रायफलीसाठी काढण्यात आले, जेणेकरून इतर कोणतेही काडतूस तिच्यात भरताच येऊ नये. यंत्राची विश्वासार्हता यामुळे साधली; परंतु खेड्यातल्या दुकानात सहज मिळणारे स्वस्त काडतूस तिला वर्ज्य ठरल्याने तिच्या धन्याला कायमचे एका खास मालाच्या दावणीला बांधून घ्यावे लागले.

या रायफलीची जाहीर परीक्षा १९०७ च्या डिसेंबरात टेक्सस प्रांतातील सॅन अँटोनियो येथे झाली. कंपनीच्या पदरी असलेला अ‍ॅड टॉपरवाइन हा नेमबाज दहा दिवस मैदानात उभा राहिला, सहायकांनी हवेत उडविलेल्या सव्वादोन इंची लाकडी ठोकळ्यांवर त्याने १९०३ च्या रायफलींनी बार काढले, आणि ७२,५०० ठोकळ्यांपैकी अवघे ९ त्याच्या हातून सुटले. या पराक्रमात माणसाच्या डोळ्याची व स्नायूंची कमाल तर होतीच; परंतु वरचेवर अडणारे यंत्र हाती असते, तर कोणत्याही नेमबाजाला ती लय दहा दिवस राखता आली नसती, हेही तितकेच खरे. प्रेक्षकांनी टॉपरवाइनचे कौतुक केले आणि ग्राहकांनी रायफलीचा गुण हेरला.

ब्राउनिंगने इकडे बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्याशी करार केला होता, आणि १९१४ मध्ये तेथून त्याची छोटी अर्धस्वयंचलित पॉइंट टू-टू बाहेर पडली. नळी आणि यंत्र ही दोन अंगे हाताच्या एका पिळाने वेगळी व्हावीत, काडतुसांची नळी लाकडी दस्त्याच्या पोटात दडलेली असावी, आणि रिकामे पितळ डोळ्यांजवळून न उडता खाली गळावे, ही तिची वैशिष्ट्ये. १९२२ पासून रेमिंग्टन कंपनीने हीच रचना परवान्याने अमेरिकेत बनविली. सौंदर्य, हलकेपणा आणि कारागिरी या गुणांत तिची बरोबरी करणारी रायफल आजही विरळा. परंतु घन पोलादातून कोरून काढलेले तिचे भाग कुशल हातांची पुष्कळ मेहनत खात, आणि ती मेहनत किमतीत उतरल्यावाचून राहत नसे.

दरम्यान काडतूसही सुधारत होते. पूर्वीच्या मसाल्यात असलेल्या क्लोरेट क्षारांचा अवशेष नळीत राहून हवेतील ओल शोषून घेई, आणि रायफल त्याच दिवशी धुतली नाही तर नळीला गंज चढे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजविणारा मसाला प्रचारात आला, आणि १९३० च्या सुमारास अधिक वेगाची काडतुसे बाजारात आली, तेव्हा बोल्टला मागे लोटण्यास पुरेसा व एकसारखा जोर मिळू लागला. १९३३ मध्ये विंचेस्टरने आपली जुनी रायफल सर्वत्र मिळणाऱ्या लाँग रायफल काडतुसासाठी नव्याने घडवून ६३ या क्रमांकाने विक्रीस काढली, ती याच बदलाची साक्ष होय. विश्वासाचा प्रश्न येथवर बहुतांशी सुटला. उरला तो मोलाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मजुरी चढत गेली. जुन्या पद्धतीने पोलाद कोरून, अक्रोडाचे लाकूड घासून स्वस्त रायफल करणे कोणालाही परवडेना, आणि कारखानदारांपुढे दोनच वाटा राहिल्या: एक तर जुनी रचना कायम ठेवून मालात कसर करावयाची, किंवा अल्पखर्चात उत्तम बनेल अशी रचनाच नव्याने योजावयाची. १९५९ ते १९६४ या अवघ्या पाच वर्षांत दुसऱ्या वाटेने निघालेल्या तीन रायफली बाजारात आल्या, आणि आजचे सारे पॉइंट टू-टूचे जग त्यांच्या पायावर उभे आहे.

पहिली रेमिंग्टनची नायलॉन ६६. रेमिंग्टन १९३३ पासून ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या ताब्यात होती आणि ड्यूपाँटच्या हाती नायलॉन होते. तेव्हा या रायफलीचा दस्ता आणि यंत्राचे घर नायलॉनच्या एकाच जातीतून ओतून काढण्यात आले. बोल्ट प्रत्यक्ष नायलॉनवर सरकत असल्याने त्याला तेलाची गरज जवळजवळ राहिली नाही, आणि तेल नाही म्हणून धूळ व काजळी चिकटून बसण्याचेही कारण उरले नाही. ‘प्लास्टिकची बंदूक’ हा लोकांचा आक्षेप दूर व्हावा म्हणून रेमिंग्टनने १९५९ मध्येच टॉम फ्राय या आपल्या नेमबाजाकडून टॉपरवाइनचाच प्रयोग पुन्हा करविला. १,००,०१० ठोकळे हवेत उडविण्यात आले आणि त्यांतले केवळ ६ सुटले. हिमप्रदेशातील शिकाऱ्यांनी, जेथे थंडीने तेल गोठते तेथे, या कोरड्या यंत्राचा विशेष आदर केला, आणि सुमारे तीस वर्षांत तिचा खप दहा लाखांच्या वर गेला. दोष एकच, परंतु मोठा: तिचे पोट उघडून पुन्हा जुळविणे हे सामान्य माणसाचे काम नव्हते, आणि नायलॉनचे ते एकसंध अंग भंगले तर त्यावर इलाज नव्हता.

दुसरी रायफल मार्लिन कंपनीची. या कंपनीची कहाणी व्यापाराच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे. १८७० मध्ये जॉन मार्लिन याने न्यू हेवन येथे स्थापिलेला हा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर कर्जात बुडाला आणि १९२४ मध्ये त्याचा लिलाव पुकारण्यात आला. फ्रँक केना नावाच्या वकिलाने तो १०० डॉलरांत घेतला. अर्थात त्यावरचे एक लाख डॉलरांचे गहाणही त्याच्याच शिरावर आले. ज्यांनी असा कारखाना सावरला, त्यांना प्रत्येक पैशाची किंमत ठाऊक असणारच. १९५३ मध्ये त्यांनी नळीत थोडे खोल आटे पाडण्याऐवजी पुष्कळ उथळ आटे पाडण्याची ‘मायक्रो-ग्रूव्ह’ पद्धत प्रचारात आणली, आणि १९६० मध्ये अक्रोडाऐवजी बर्चचे स्वस्त लाकूड वापरून मॉडेल ६० काढले. काटकसर लाकडात केली, नळीत केली नाही, हे या रायफलीच्या यशाचे रहस्य होय. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागोमाग एक राहतात, त्यामुळे कडेवर कडा चढण्याचा प्रसंगच येत नाही, आणि वेगळे मॅगझिन नसल्याने ते हरवण्याचेही भय नाही. मोठमोठ्या दुकानांनी ही रायफल आपापल्या नावांचे ठसे मारूनही विकली, आणि तिची एकूण संख्या एक कोटीच्या पुढे गेली. बोल्टचा धक्का झेलणारा लहानसा प्लास्टिकचा तुकडा काळाने पिवळा पडून तडकतो, आणि काडतूस वर उचलणाऱ्या पातळ पत्र्यांच्या सांध्यात मळ साचला की ती अडते. परंतु वेळच्या वेळी साफसफाई करणाऱ्या धन्याला तिने सहसा दगा दिला नाही.

तिसरी रायफल १९६४ साली आली. विल्यम रूगर याने अलेक्झांडर स्टर्म या मित्राच्या ५०,००० डॉलरांच्या भांडवलावर १९४९ मध्ये कनेक्टिकटमधील साउथपोर्ट येथे कारखाना काढला होता, आणि पॉइंट टू-टूच्या एका स्वस्त पिस्तुलाने त्याला पहिले यश दिले होते. स्टर्म १९५१ मध्ये अकाली वारला. रूगर एकटाच पुढे गेला. हॅरी सेफ्रीड आदी सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने जी १०/२२ रायफल सिद्ध केली, तिची आरंभीची किंमत साडेचोपन्न डॉलर होती. तिचे खरे मर्म दहा काडतुसांच्या मॅगझिनमध्ये आहे. लहान मुठीत मावेल अशा त्या चौकोनी पेटीत एक दातेरी चक्र असते. जत्रेतल्या उभ्या पाळण्यात प्रत्येकाला बसायला स्वतंत्र पेटी असावी, तसे प्रत्येक काडतुसाला त्यात स्वतंत्र घर असते, आणि स्प्रिंगने फिरणारे चक्र एका वेळी एकच काडतूस बोल्टच्या वाटेत आणून ठेवते. कडेला कडा लागण्याची ती जुनी व्याधी येथे मुळातच खुंटली. चक्राची कल्पना पूर्वीच्या मान्लिखर-शोनाऊर व सॅव्हेज रायफलींत होतीच. परंतु ती या क्षुद्र मानलेल्या काडतुसासाठी स्वस्तात आणि काडतुसाला बाहेरची वाट दाखविणारे ओठ पोलादाचे ठेवून राबविणे, ही रूगरची बुद्धिमत्ता.

रूगरने आणखी एक गोष्ट केली. नळी यंत्राच्या घरात आट्यांनी आवळून बसविण्याचा शिरस्ता मोडून त्याने ती एका खाचेच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरली. चापाचा सारा संच आडव्या दोन पिनांवर टांगला. परिणाम असा झाला की ज्याला बंदूककाराची कोणतीही विद्या अवगत नाही, असा माणूसही घरच्या मेजावर साध्या हत्यारांनी नळी काढू शकतो, चापाचा संच बाहेर घेऊन धुऊ शकतो, झिजलेला भाग बदलू शकतो. या सोयीच्या आधारे सुट्या भागांचा एवढा मोठा स्वतंत्र उद्योग उभा राहिला की आज मूळ कारखान्याचा एकही भाग न वापरता या नमुन्याची संपूर्ण रायफल जुळविता येते.

याच १९६४ साली विंचेस्टरने खर्च कमी करण्यासाठी आपल्या नामांकित रायफलींच्या घडणीत जे फेरबदल केले, त्यांची आठवण येथे अवश्य करावी. कोरीव पोलादाच्या जागी स्वस्त भाग आले, हाताच्या नक्षीच्या जागी ठशाची नक्षी आली, आणि ग्राहकांचे मन इतके विटले की ‘चौसष्टपूर्व’ विंचेस्टरला बाजारात कायमची वेगळी, चढी किंमत पडू लागली. एकाच वर्षी, एकाच राज्यात, दोन कारखान्यांनी खर्चाला कात्री लावली. एकाने नाव गमावले, दुसऱ्याने कमावले. विंचेस्टरने जुन्या रचनेतील गुण वजा केले, आणि रूगरने स्वस्त पद्धतीला साजेल अशी रचना पहिल्या रेघेपासून आखली. कमी किमतीचा आणि कमी दर्जाचा संबंध अपरिहार्य नाही, हे त्या वर्षाने पुराव्यानिशी सिद्ध केले.

या रायफलींना खेळणे मानण्याची चूक कोणी करू नये. काडतुसाच्या डब्यांवर मैल-दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते, ती निरर्थक नव्हे. आणि पॉइंट टू-टूच्या गोळीने माणसाचा जीव गेल्याच्या घटना अमेरिकेच्या इतिहासात पुष्कळ आहेत. १९६८ पर्यंत तेथे टपालाने मागवून रायफल घरपोच मिळत असे, आणि स्वस्त पॉइंट टू-टूंवर क्रमांक घालण्याचीही सक्ती नव्हती. राजकीय हत्यांनी देश हादरल्यावर त्या वर्षी झालेल्या कायद्याने नव्या बनणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर क्रमांक आणि परवानाधारक विक्रेत्याच्या प्रत्येक विक्रीची दप्तरी नोंद आवश्यक केली. यंत्र जितके विश्वासू, तितकी त्याच्या धन्याची जबाबदारी अधिक, हा नियम त्यापूर्वीही खरा होता. कायद्याने त्याला लेखी रूप दिले.

पुढील काळाने या तीन रायफलींचा निवाडा आपल्या पद्धतीने केला. नायलॉन ६६ ची निर्मिती रेमिंग्टनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबविली, आणि तेव्हापासून तिचा प्रत्येक मोडलेला भाग हा एक शोध होऊन बसला. मार्लिन कारखाना केना घराण्याकडून रेमिंग्टनच्या ताब्यात गेला. नॉर्थ हेवन येथील जुने काम २०११ मध्ये बंद झाले, यंत्रे हलली पण जुन्या कामगारांचे हात हलले नाहीत, आणि मालाविषयी तक्रारी वाढल्या. २०२० मध्ये रेमिंग्टनच्याच दिवाळखोरीत मार्लिनचे नाव व यंत्रसामग्री पुन्हा लिलावात आली आणि सुमारे तीन कोटी डॉलरांना रूगर कंपनीने ती विकत घेतली. १०/२२ मात्र साठ वर्षे अखंड बनत आहे, आणि तिचे १९६४ चे मॅगझिन आजच्या रायफलीत बिनदिक्कत बसते.

आपल्याकडे अर्धस्वयंचलित पॉइंट टू-टूचा प्रसार झाला नाही. महाराष्ट्रातील हजारो महाविद्यालयीन मुलामुलींनी एनसीसीच्या फायरिंग रेंजवर जी पॉइंट टू-टू हाताळली, ती हाताने बोल्ट ओढावयाची. परंतु काडतूस तेच, १८८७ चे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री-पोझिशनचे कांस्यपदक जिंकले, ते याच इवल्याशा रिमफायर काडतुसावर. त्याची अचूकता कोठवर जाऊ शकते, याचा याहून भक्कम दाखला नको.

आता निर्णय. कारागिरीत ब्राउनिंग श्रेष्ठ, सोशिकपणात नायलॉन ६६, आणि पहिल्या किमतीच्या मानाने अचूकतेत मार्लिन ६०. परंतु विश्वास आणि मोल या दोहोंचा एकत्र हिशेब मांडला, तर पहिला मान १०/२२ लाच द्यावा लागतो. कोणतेही यंत्र कधीच अडणार नाही, अशी हमी कोणालाही देता येत नाही, आणि रिमफायर काडतुसावर चालणाऱ्या यंत्राबाबत तर मुळीच नाही. म्हणून जे यंत्र अडल्यावर त्याच्या धन्याला स्वतःच्या हातांनी उघडता, स्वच्छ करता आणि दुरुस्त करता येते, आणि ज्याचा झिजलेला भाग साठ वर्षांनंतरही दुकानात मिळतो, तेच खऱ्या अर्थाने विश्वासू आणि तेच खऱ्या अर्थाने स्वस्त. कोणतेही यंत्र विकत घेताना वाचकाने किमतीची चिठ्ठी वाचण्यापूर्वी हे उघडता येते काय आणि याचे भाग मिळत राहतील काय, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.